स्कॅनरवर पी०७०० कोड आलाय, मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतोय. उतरवू का?

नुसत्या पी०७०० वरून गिअरबॉक्स अजिबात उतरवू देऊ नका. ओबीडी-२ (गाडीतले बिघाड कोडने दाखवणारी प्रमाणित पद्धत) च्या कोडयादीत हा फक्त निरोप्या आहे, 'गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी नोंदवलंय, चेक इंजिनचा दिवा लाव' एवढंच तो इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला सांगतो. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे टीसीएममध्ये असतो आणि ब्लूटूथवाले स्वस्त स्कॅनर बहुतेकदा तिथवर पोचतच नाहीत. टीसीएम वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. सहसा असं काही निघतं:

- पी०७१५: इनपुट स्पीड सेन्सर. आधी कनेक्टर काढून बघा, पिनांना तेल किंवा हिरवट गंज दिसतो का.
- पी०७५०: शिफ्ट सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा खालचा पॅन काढून बदलता येतो.
- पी०७३०: गिअर रेशो जुळत नाही. इथे आधी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि रंग बघा. काळं, जळकट वास असेल तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच गेल्याची शक्यता दाट.

बॅटरी मरतुकडी असली तरी असले कोड येतात, तीही तपासा. कोड वाचून लिहून घेतल्याशिवाय पुसू मात्र देऊ नका. आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल किंवा रेस देऊनही ओढत नसेल, तर चालवत नेऊ नका, टो करा.