स्टिकर आय-सेव्हनचं, प्रोसेसर २०११चा

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न पहिल्या गेमिंग पीसीचे आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना त्यावरून स्ट्रीमिंगही करायचंय. त्यातले पाच निवडले.

प्रश्न : मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ठिकाणी २२ हजारांत आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचं कॅबिनेट मिळतंय. मित्र म्हणतो, ६० हजारांखाली काही होत नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : मित्राचं. दुकानदाराला एवढंच विचार : इंटेलचा आय-सेव्हन प्रोसेसर खरा, पण कितव्या पिढीचा? पूर्ण नंबर सांगायला तो का-कू करू लागला तर तिथूनच परत फिर. या भावात मिळतो तो बहुधा २६०० किंवा ३७७०, म्हणजे २०११ नाहीतर २०१२ साली बाजारात आलेला. ऑफिसांतून निघालेले हे प्रोसेसर स्वस्त बोर्डावर बसवून नव्या कॅबिनेटमध्ये विकले जातात. विंडोज ११ इंटेलचे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारतं, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. म्हणजे तुझे २२ हजार पहिल्याच महिन्यात अडकले. कार्डावरच्या '४ जीबी'लाही भुलू नकोस. ती नुसती मेमरी. गोदाम मोठं असलं म्हणून कारखाना मोठा ठरत नाही.

आता ६० हजारांचं. यात मॉनिटर, कीबोर्ड, माउस, माइक धरलेत का? बहुतेक जण धरत नाहीत आणि शेवटी ५० हजारांचा पीसी काकांकडच्या जुन्या १७ इंची मॉनिटरला जोडतात. धरले असतील तर प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ यांपैकी जो स्वस्त पडेल तो घे. दोन्ही सहा कोअरचे. ५६००चं एएम-४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आता जुनं झालंय, पुढची अपग्रेड एएम-५वर मिळेल, हे खरं. पण एएम-५ला नव्या पिढीची डीडीआर-५ रॅमच लागते, आणि २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव पार भडकवलेत. चार वर्षांनी येणाऱ्या अपग्रेडसाठी आज ग्राफिक्स कार्डाचे पैसे कापायचे, हे मला पटत नाही. रॅम ८ जीबीच्या दोन काड्या घे, १६ची एक नको. जोडीने त्या जास्त वेगात चालतात. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी ही रॅमला पूर्ण वेग देणारी सोय चालू कर, नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४००वर रांगत राहील. ग्राफिक्स कार्डाला एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्तच ठेव. आणि जुन्या व्हिडिओंमधली कोटेशनं दाखवून दुकानदाराशी भांडू नकोस. ते भाव आता नाहीत.

प्रश्न : गेम छान चालतो, पण ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरवर स्ट्रीम सुरू केलं की अडखळतो. स्ट्रीमिंगसाठी वेगळा दुसरा पीसी लागतो म्हणे. खरं का? (पिंपरी)

उत्तर : एके काळी थोडंफार खरं होतं, आता नाही. ओबीएसच्या सेटिंगमध्ये एन्कोडर कोणता आहे ते बघा. एक्स२६४ असेल तर व्हिडिओ दाबून बारीक करायचं काम तुमचा प्रोसेसर गेम सांभाळून करतोय. एनव्हीडियाच्या बहुतेक कार्डांत या कामासाठी एनव्हेंक नावाचा वेगळा भाग असतो. तो निवडला की प्रोसेसर मोकळा होतो.

अजून कार्ड घ्यायचंय त्यांनी इथे थांबून वाचा. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. हा तपशील खोक्यावर ठळक कुणी छापत नाही, आणि स्ट्रीम करणाऱ्याने ते घेणं म्हणजे बिनतोटीचा नळ घेण्यासारखं. आरएक्स ६६०० गेममध्ये आरटीएक्स ३०५०ला सहज मागे टाकतं, पण कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी डेटा पाठवणाऱ्या) स्ट्रीममध्ये एनव्हेंकचं चित्र जास्त स्वच्छ दिसतं. स्ट्रीम आठवड्यातून एखादंच होणार असेल तर मी ६६०० घेईन. रोज होणार असेल तर एनव्हीडिया, आणि जमल्यास थोडं थांबून आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०.

तुमच्याकडे एनव्हेंक आधीच निवडलेलं असेल तर कार्ड शंभर टक्के भरलेलं असणार. मग ओबीएसला चित्र जुळवायला जागाच उरत नाही. गेममध्ये फ्रेमची मर्यादा घाला, १४४ किंवा १२०. प्लॅन घेताना डाउनलोडच्या आकड्यावर जाऊ नका, अपलोड विचारा. ६००० केबीपीएसच्या स्ट्रीमला तासाला २.७ जीबी जातात, त्यासाठी १० एमबीपीएस तरी अपलोड हवा. वायफाय नको, लॅनची केबल ओढा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, पंधरा वर्षांचा. मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. यूट्यूबवर लाइव्ह करायला लाखाचा पीसी हवा असं म्हणतो. घ्यावा का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, बीजीएमआय हा फोनचा खेळ आहे. पीसीवर एम्युलेटर (पीसीला फोनसारखं वागवणारं सॉफ्टवेअर) टाकून तो खेळणं नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. म्हणजे गेम फोनवरच चालणार आणि पीसी फक्त चित्र पुढे पाठवणार. अँड्रॉइड फोनचा पडदा यूएसबी केबलवरून पीसीवर दाखवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एवढ्या कामाला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. रायझन ५ ५६००जीसारखा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर पुरतो. अभ्यासालाही तोच चालेल, आणि पुढे खरंच गरज पडली तर कार्ड नंतर बसवता येतं.

पण त्याने बहुधा एक गोष्ट सांगितली नसेल. जुलै २०२५पासून यूट्यूबवर लाइव्ह करायला किमान १६ वर्षं पूर्ण लागतात. तेव्हा दहावी होईपर्यंत नुसतं रेकॉर्डिंग करू दे. दोनेक हजारांचा बरा यूएसबी माइक तेवढा घेऊन द्या. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात. आवाजात पंख्याची घरघर आणि मागून कुकरच्या शिट्ट्या असल्या की लगेच निघून जातात.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या गावात राहतो. वीज सारखी जाते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो, एसएमपीएस बदला. (रत्नागिरी)

उत्तर : आधी अर्थिंग तपासा. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, त्यातल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थच्या तारेत जातो, ती त्याची नेहमीची वाट. सॉकेटमध्ये तिसरी तार नुसती शोभेची असेल तर तो प्रवाह कॅबिनेटवर येऊन बसतो आणि तुमच्या हाताची वाट बघतो. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग करून घ्या. पायात चपला घालणं हा उपाय नव्हे. अर्थिंग नीट असूनही मुंग्या आल्या तर दुकानदाराचं बरोबर.

मात्र एसएमपीएस कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला असेल तर मुंग्या असोत नसोत, तो बदला. या एका वस्तूत मी कुणालाही पैसे वाचवू देत नाही. तो जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॉट घ्या. '८० प्लस'चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. यूपीएस जरूर घ्या, पण साधा ६०० व्हीए गेम बंद करून पीसी शटडाउन करण्यापुरता असतो. तो अर्धा तास चालेल या आशेवर राहू नका.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग आणून स्वतः जोडले. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६००. (डोंबिवली)

उत्तर : मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय का? ५६००मध्ये ग्राफिक्स नाही. केबल खाली, कार्डाला लावा. तरी नाही आला तर रॅम काढून 'खट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा, चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कार्डाची आणि प्रोसेसरजवळची पॉवरची पिनही बघा, घाईत ती हमखास राहते. डिस्प्ले आला की विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असेल तर तो ६०वरून १४४वर न्या. वर्षभर ६०वर खेळून "मॉनिटरमध्ये काही फरकच जाणवत नाही" म्हणणारे तिघे मला याच वर्षी भेटलेत.