किरणोत्सारी भंगार लेझरने साफ होतं का? अंबडच्या भट्टीवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलची इंडक्शन भट्टी आहे. गंज काढायचं लेझर मशीन विकणारा सांगतो की परदेशात अणुभट्टीतलं भंगारही लेझरने साफ करतात. मग एखादा संशयित माल आपणच साफ करून वितळवला तर चालेल का?

नाही. विक्रेत्याच्या बोलण्यातला पहिला भाग खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष जिवावर बेतेल असा आहे. किरणोत्सार ॲसिडने, लेझरने किंवा भट्टीच्या १६०० अंशांनी मरत नाही. किरणोत्सारी कोबाल्ट-६० निम्मा व्हायला ५.२७ वर्षं लागतात, सीझियम-१३७ ला ३० वर्षं. प्रत्येक तंत्र फक्त ते अणू एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेतं. ती दुसरी जागा लहान, बंदिस्त आणि मोजता येण्याजोगी असली, तर त्याला सफाई म्हणायचं.

म्हणून आधी बघायचं की किरणोत्सार धातूत बसलाय कुठे. वरच्या तेला-धुळीत असेल तर पुसून निघतो. अणुभट्टीच्या पाइपात मात्र तो आतल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यात अडकलेला असतो. तिसरी जागा धातूच्या आतच. स्टीलमध्ये मुळातच असलेल्या थोड्या कोबाल्ट-५९ ला न्यूट्रॉन लागला की तिथल्या तिथे कोबाल्ट-६० तयार होतो. अणुभट्टीच्या गाभ्याजवळचं स्टील असं असतं. ते कितीही घासलं तरी काही निघणार नाही. (लासलगावच्या कांदा विकिरण केंद्राबद्दल विचारणाऱ्यांसाठी: तिथल्या सीलबंद कोबाल्टमधून फक्त गॅमा किरण निघतात. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही आणि तिथल्या ट्रॉलीचं लोखंडही होत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात.)

आता लेझर. समजा १० मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट आहे. वजन साधारण ७८.५ किलो. किरणोत्सार वरच्या १० मायक्रॉनमध्ये असेल तर तेवढा थर म्हणजे जेमतेम ७८ ग्रॅम. तो उडवून फिल्टरमध्ये धरला की हजार भागांतला एकच भाग कचरा उरतो. ग्रिट ब्लास्टिंगने (हवेच्या जोरावर कठीण कण मारून) हेच काम होतं, पण दूषित ग्रिटचा ढीग वेगळा सांभाळावा लागतो; लेझरला तसलं काही माध्यमच लागत नाही. त्याची खरी ताकद एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

पण बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच मशीन सलग किरणाची, १५०० वॉटच्या आसपासची असतात. सलग किरण गंज जाळतो, पण त्याबरोबर पृष्ठभाग वितळवतो. वरचे किरणोत्सारी अणू वितळलेल्या थरात मिसळून खाली जातात आणि वर चकचकीत कातडी जमते. साफ दिसणारी प्लेट किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरवर तशीच बोलते. नॅनोसेकंदाच्या स्पंदांचं लेझर थर वितळवण्याऐवजी उडवतं, म्हणून या कामाला तेच धरतात. तरीही उडालेली बारीक धूळ मागे बसू नये म्हणून तोंडाशीच सक्शन, पुढे हेपा (अतिबारीक धूळ धरणारा) फिल्टर आणि सगळं बंद कक्षात, असं करावं लागतं. उघड्या शेडमध्ये तोंडाला कापड बांधून हे केलं तर प्लेटवरचा किरणोत्सार माणसाच्या फुप्फुसात जातो. एवढाच फरक पडतो.

पाइपच्या आत किंवा वाकड्या-तिकड्या भागांत लेझर पोचत नाही, तिथे रसायन लागतं. स्टेनलेसवरचा आतला थर क्रोमियमचा असतो आणि तो साध्या ॲसिडला दाद देत नाही. म्हणून आधी सौम्य परमँगनेटचं गरम द्रावण फिरवतात. त्याने क्रोमियम विरघळणाऱ्या रूपात येतं. मग ऑक्झॅलिक ॲसिड उरलेला लोह-निकेलचा थर सोडवतं. ९० अंशांच्या आसपास हे चक्र दोन-तीनदा चालवतात. सुटलेले धातू आयन एक्स्चेंज रेझिनवर (पाण्यातले धातू धरून ठेवणाऱ्या दाण्यांवर) धरतात. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, त्यामुळे रेझिनवरचा बोजा कमी होतो. फसतं कुठे? घाईत ॲसिड तीव्र केलं की चांगला धातूही विरघळतो, रेझिन लवकर भरतं आणि कचरा घटायच्या ऐवजी वाढतो.

आपल्याकडच्या प्लेटिंगवाल्यांना इलेक्ट्रोपॉलिशिंग, म्हणजे करंट देऊन धातूचा वरचा थर विरघळवणं, चटकन कळेल. भाग ॲनोडला, टाकीत फॉस्फरिक ॲसिड. चौरस डेसिमीटरला १० अँपिअर दिले तर १० मायक्रॉन हिशेबाने पाच मिनिटांच्या आत निघायला हवेत. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, कारण सगळा करंट धातू विरघळवण्यात खर्च होत नाही. कॅथोडसमोर न येणारे कोपरे तसेच राहतात. शिवाय बाथमध्ये लोह वाढत जातं आणि त्याबरोबर टाकीचा किरणोत्सारही, म्हणजे टाकीपाशी उभ्या माणसाचा डोस रोज थोडा वाढतो. जर्मनीत गुंडरेमिंगनच्या अणुवीज केंद्रात यावर चांगला तोडगा काढला: बाथमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड घालून लोहाचा ऑक्झलेट खाली बसवायचा आणि फॉस्फरिक परत वापरायचं.

राहिलं वितळवणं. स्वीडनमध्ये स्टुड्सविकला आणि जर्मनीत क्रेफेल्डला खास परवान्याच्या भट्ट्यांत हे करतात. वितळल्यावर युरेनियम, अमेरिशियम, स्ट्राँशियम स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) जातं. सीझियम वाफ होऊन बहुतांश बॅगहाउसच्या (धूर गाळणाऱ्या पिशव्यांच्या) धुळीत सापडतं. कोबाल्ट आणि निकेल मात्र लोखंडाचे सख्खे. ते पूर्ण हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या सगळ्या वितळलेल्या मालात, विरघळून राहतात. म्हणजे कोबाल्टचं भंगार वितळवून स्वच्छ होत नाही, फक्त सगळीकडे सारखं पसरतं. परवान्याच्या भट्टीत याचाच फायदा घेतात, कारण एका छोट्या नमुन्यावरून अख्ख्या इनगॉटचा (ओतलेल्या लादीचा) आकडा कळतो. कोबाल्ट-६० साठी आंतरराष्ट्रीय मुक्तता-पातळी, म्हणजे ज्याखाली माल साधा समजून सोडता येतो ती मर्यादा, ग्रॅममागे ०.१ बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आहे. इनगॉट ५ बेकरेलचा निघाला तर ५० पट घट हवी, म्हणजे जवळपास ३० वर्षं ठेवायचा. त्यांच्याकडे त्यासाठी कोठार असतं. तुमच्याकडे पुढच्या आठवड्याचं डिस्पॅच असतं.

आपल्यासारख्या भट्टीत चुकून किरणोत्सारी स्रोत, म्हणजे एखाद्या उपकरणातला सीलबंद किरणोत्सारी तुकडा, गेला तर काय होतं तेही दिसलेलं आहे. १९९८ मध्ये स्पेनमध्ये आल्खेसिरासजवळच्या स्टेनलेस कारखान्यात सीझियमचा स्रोत गेटवर न पकडता वितळला आणि चिमणीतून निघालेला अंश फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीपर्यंत मोजला गेला. २००८ मध्ये भारतातून गेलेल्या पोलादाच्या लिफ्ट-बटणांत फ्रान्सला कोबाल्ट-६० सापडलं. आणि एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत लिलावात विकलेलं जुनं गॅमा उपकरण भंगारात फोडलं गेलं, तेव्हा एक माणूस जिवानिशी गेला.

म्हणून लेझरचे पैसे गेटच्या डिटेक्टरवर घाला. ट्रक ताशी ५-८ किलोमीटरच्या वर नको, नाहीतर मोजायला वेळच मिळत नाही. कोबाल्टचा गॅमा साधारण २ सेंटिमीटर भरीव पोलादात निम्मा होतो. गाडीच्या मधोमध दडलेला स्रोत त्यामुळे सुटू शकतो, म्हणून उतरवतानाही क्रेनपाशी हातातला सर्व्हे मीटर फिरवा. शिशाच्या भांड्यातला स्रोत अलार्म देईलच असं नाही; तो डोळ्यांनीच ओळखायचा. आकाराच्या मानाने फार जड डबा, शिसं, तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं की गॅसकटर बाजूला. झिरकॉन सँड आणि भट्टीच्या काही विटांतल्या नैसर्गिक किरणोत्सारानेही मीटर थोडा वाढतो, तेव्हा त्यांचे आकडे आधीच लिहून ठेवा.

अलार्म वाजला तर गाडी बाजूला उभी करा, माल उतरवू नका, दोरी बांधा. अंतर दुप्पट केलं की लहान स्रोताचा डोस चौथाई होतो. एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवा. भंगारवाल्याने ‘परत घेऊन जातो’ म्हटलं तरी गाडी सोडू नका; अंबडहून निघालेला स्रोत सिन्नरच्या एखाद्या भट्टीत उतरेल, आणि तिथे गेटवर मीटर असेलच असं नाही.