ज्वारीच्या भाकरीने मिस्सा का होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: खानदेशात रोजचं खाणं ज्वारी-बाजरीचं, कळण्याच्या भाकरीचं, मग कॅथलिक लोक मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, गव्हाच्याच होस्टचा (पातळ गोल भाकरीचा) हट्ट का धरतात? आणि येशू तिथे खरोखर हजर असतो असं मानता, तर धान्य कुठलं याने त्याला काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो खरोखर हजर असतो म्हणूनच पडतो. नुसती आठवण करायची असती तर कुठलीही भाकरी चालली असती. पण इथे एका ठरावीक वस्तूचं तत्त्वच, म्हणजे ती मुळात जे आहे तेच, बदलतं आणि ती ख्रिस्ताचं शरीर होते, असा आमचा विश्वास आहे. मग बदलणारी वस्तू कोणती हे आधी पक्कं नको? शेवटच्या भोजनात त्याने गव्हाची भाकर आणि द्राक्षारस घेतला असं चर्च पहिल्यापासून मानत आलं आहे. 'हे करा' म्हणाला ते त्याबद्दल. त्यात अदलाबदल करायचा अधिकार आपला आहे असं चर्च मानत नाही, पोपचाही नाही.

कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, ९२४ वं कलम सरळ आहे: भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी, वाइन द्राक्षाची, नैसर्गिक, न बिघडलेली. २००४ साली रोमने पुन्हा स्पष्ट केलं की दुसऱ्या पदार्थाची भाकर, मग तो धान्यच का असेना, चालत नाही. म्हणजे फादरांनी सगळे शब्द बिनचूक म्हटले तरी ज्वारीची भाकरी ज्वारीचीच राहते. अक्कलकुवा-धडगावकडे मोहाची दारू कितीही घरची असली तरी वाइनच्या जागी तिचीही तीच गत. 'येशूने पाच हजारांना जवाच्या भाकरी वाटल्या की!' असं कुणी म्हणतं. वाटल्या, योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तसं लिहिलंय. पण ते जेवण होतं. 'हे माझं शरीर आहे' हे तो त्या भाकरींबद्दल बोलला नाही.

होस्टमध्ये फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ, साखर, तेल, यीस्ट काही नाही. मैदा चालतो, तोही गव्हाचाच. पीठ धिरड्याइतकं पातळ कालवतात आणि नक्षी कोरलेल्या दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून भाजतात. निघालेला पापुद्रा लगेच कापायला घेतला की तुकडे उडतात. मे महिन्यात, भुसावळ-जळगावचं ऊन असताना, तर भुगाच होतो. म्हणून पापुद्रे आधी दमट हवेत ठेवून मऊ करतात, मग गोल कापतात आणि पुन्हा नीट सुकवतात. हे शेवटचं सुकवणं राहिलं की पावसाळ्यात डब्यात बुरशी धरते, आणि बुरशीने भाकर बिघडली की ती वापरायची नाही. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि माल थोडा थोडा आणावा.

गावच्या चक्कीचा प्रश्नही रास्त आहे. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी दळली असेल तर थोडं पीठ जात्यात राहतंच. तेवढ्याने बिघडत नाही. नियम असा की मिसळ इतकी नसावी की लोक तिला गव्हाची भाकर म्हणणारच नाहीत. पण मुद्दाम मिसळणं ही गंभीर चूक आहे. दळण गव्हापाठोपाठ लावावं, नाहीतर पहिलं शेरभर पीठ बाजूला काढावं.

ज्यांना गव्हाचा खरोखर त्रास आहे, म्हणजे सिलिअॅक आजार आहे, त्यांचं काय? ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) पूर्ण काढलेला होस्ट चालत नाही, तांदळाचाही नाही. अगदी कमी ग्लुटेनचा चालतो, बाहेरचं काही न घालता त्याची भाकर होत असली तर. तोही सोसत नसेल तर नुसत्या वाइनच्या प्याल्यातून घ्यावं. ख्रिस्त भाकर आणि वाइन दोन्हींत पूर्ण असतो, त्यामुळे काही कमी मिळत नाही. फक्त एक गोष्ट आधी फादरांना सांगायची: मिस्सेत मुख्य प्याल्यात होस्टचा एक तुकडा टाकतात, म्हणून तुमचा प्याला वेगळा ठेवायला हवा. हे न सांगितल्यामुळे माणसं आजारी पडतात.

'शरीर झालं तर ग्लुटेन कसं राहिलं?' हा पुढचा प्रश्न आलाच. बदलतं ते तत्त्व. चव, रंग, वजन, ग्लुटेन, वाइनमधला अल्कोहोल हे सगळं तसंच राहतं. प्रयोगशाळेत नेलं तर स्टार्चच सापडेल, आणि चर्चने याच्या उलट कधी सांगितलेलं नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने या बदलासाठी तत्त्वबदल (ट्रान्ससबस्टॅन्शिएशन) हा शब्द वापरला, १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तो पक्का केला. विश्वास त्याहून कितीतरी जुना. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस हे ख्रिस्ताचं मांस आहे असं लिहून गेला.

हे मी इतकं लांबवतोय कारण आमचे साडूभाऊ प्रॉटेस्टंट मंडळीतले, आणि घरात कार्य असलं की पंगतीत हा विषय निघतोच. त्यांचं ठरलेलं वाक्य: 'भाकर ती भाकरच शे ना! स्मरणार्थ करा म्हटलंय.' वर प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचं नाव. साडूभाऊ, ल्यूथर तुमच्या बाजूचा नाही. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला, भाकर नुसतं प्रतीक मानणाऱ्या झ्विंग्लीशी वाद झाला तेव्हा त्याने टेबलावर खडूने 'हे माझं शरीर आहे' असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि तिथून तसूभर हलला नाही. तत्त्व बदलण्याची आमची मांडणी त्याला मान्य नव्हती, हे खरं. पण नुसतं प्रतीक म्हणणाऱ्यांशी त्याने हातमिळवणी केली नाही. आणि योहान ६:६६ वाचा. 'माझं मांस खा' हे ऐकून पुष्कळ शिष्य सोडून गेले. 'अरे, मी उपमा दिली होती' म्हणून त्याने एकालाही परत बोलावलं नाही.

वाद घालण्यापेक्षा आमचे लोक सांडलवंड कशी हाताळतात ते बघावं. होस्ट पडला तर लगेच उचलतात. खाण्यासारखा नसेल तर पाण्यात ठेवतात, पूर्ण विरघळेपर्यंत, कारण भाकरीचं रूप आहे तोवर ख्रिस्त आहे, रूप गेलं की नाही. मग ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओततात. या कुंडीचा पाइप गटाराला न जाता थेट मातीत जातो. वाड्या-पाड्यांवरच्या चॅपलमध्ये तशी कुंडी नसली तर पाय पडणार नाही अशा मातीत ओतावं. वाइन सांडली तर जागा पाण्याने धुवून तेही पाणी तिथेच. पाण्यातला होस्ट लाल झाला तर चमत्कार समजून व्हिडिओसाठी मोबाइल काढू नका. ओल्या स्टार्चवर सेरॅशिया नावाचा लाल जिवाणू वाढतो. भांडं झाका, फादरांना सांगा. विश्वास असल्या व्हिडिओंवर उभा नाही.

दोन गोष्टी राहिल्या. बिनखमिराचा नियम आमच्या लॅटिन विधीचा, म्हणजे रोमच्या परंपरेचा, आहे. पूर्वेकडच्या बऱ्याच चर्चमध्ये खमीर घातलेली भाकर असते आणि तीही पूर्ण वैध आहे, पण गव्हाचीच. आणि हे सगळं बघायला रविवारी चर्चला जरूर या, फक्त कॅथलिक नसाल तर कम्युनियनच्या (होस्ट घेण्याच्या) रांगेत उभे राहू नका, जागेवर बसून राहा. कॅथलिक असाल तर कम्युनियनच्या तासभर आधीपासून पाणी आणि औषध सोडून काही खाऊ-पिऊ नका. चहासुद्धा नाही.