तिकीट रोज तपासत नाहीत, मग विनातिकीट प्रवास परवडतो का?

हिशेब करून बघा. 20 फेऱ्यांत सरासरी एकदा टीसी भेटत असेल, तर दंड भाड्याच्या 20 पटींहून जास्त असला की फुकट्या तोट्यातच. पण न पकडले गेलेले दिवस तेवढे डोक्यात राहतात, म्हणून तो स्वतःला हुशार समजतो.

तपासणीची वेळ आणि डबा मुद्दाम बदलते ठेवतात. ठरलेली वेळ असती तर आठवड्याभरात सगळ्यांना पाठ झाली असती. टीसी दिसल्यावर घाईघाईने मोबाइलवर तिकीट काढायची युक्तीही जुनी झाली, कारण त्यावर खरेदीची वेळ असते. खरी पंचाईत पास घरी विसरणाऱ्याची. पैसे भरूनही मान खाली घालायची वेळ त्याच्यावर येते.