ठाण्यातून फोन आला म्हणून मुलाला पाठवू का?

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलाला नाकाबंदीत अडवलं. डिजिलॉकरमधलं लायसन्स हवालदारांनी मानलं नाही. बाचाबाची झाली. त्याला ठाण्यात नेऊन मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवलं, मोबाइलही काढून घेतला. आता ‘सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झालाय, येऊन जा’ असे फोन येतात. पाठवू का?

उत्तर : नुसत्या फोनवर पाठवू नका, लेखी नोटीस मागा. ती आली की मात्र तारीख चुकवू नका.

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं. पण डिजिलॉकरमधलंही कायद्याने ग्राह्य आहे. तो वाद सध्या बाजूला ठेवा.

अडथळ्याचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) १३२. शिक्षा कमाल २ वर्षं, पण गुन्हा अजामीनपात्र. या कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. आवाज चढवला, हुज्जत घातली एवढ्याने ते लागत नाही. म्हणून आधी एफआयआरची प्रत मिळवा आणि ‘ढकललं’, ‘कॉलर धरली’ असं काही लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर वकिलाकडून अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार करून घ्या.

७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अर्नेशकुमार खटल्यात (२०१४) सुप्रीम कोर्टाने हे बजावलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-तपासाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ३५ नुसार अटक का गरजेची, हे पोलिसांनी लिहून ठेवायचं. नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. ती व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, हे कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस पाळणाऱ्याला कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. न पाळणाऱ्याला करता येते. तरीही अटक झालीच, तर कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळायला हवीत, तुम्हाला कळवायला हवं आणि २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यायला हवं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते त्या रात्रीचं ‘बसवून ठेवणं’. मुलाला उठून घरी जाता येत नव्हतं, म्हणजे तो ताब्यातच होता. अटकेची नोंद नाही, घरी कळवलं नाही, तर ही स्थानबद्धता बेकायदा ठरते. ठाण्यातल्या सीसीटीव्हीत तो किती वाजता आत आला, कधी बाहेर पडला हे दिसेल. त्या तारखेचं चित्रीकरण आणि स्टेशन डायरीची (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीची) नोंद जपून ठेवावी, असा अर्ज आजच पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.