विकिपीडियावर एकाच विषयाची चर्चा तीन-चार पानांवर चालते. तिचा माग कसा ठेवता?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री मराठी विकिपीडियावर बसतो. त्यामुळे उत्तर आमच्या धंद्याच्या भाषेतच सुचतं: कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. कीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमानं उतरतात, खतावणीत ज्याचं त्याचं खातं असतं.

तुम्ही बहुतेक पहाऱ्याच्या सूचीवर, म्हणजे लक्ष ठेवायला निवडलेल्या पानांच्या यादीवर (वॉचलिस्ट), विसंबून आहात. ती कीर्द आहे. पानावरचा तारा दाबला की लेख आणि त्याचं चर्चा पान दोन्ही तिच्यात येतात, पण एरवी दर पानाचा फक्त शेवटचा बदल दिसतो. कुणी महत्त्वाचा मुद्दा मांडला आणि पाठोपाठ दुसऱ्यानं तिथलीच एक वेलांटी सुधारली, तर तुम्हाला वेलांटीच दिसणार. पसंतीक्रमात जाऊन सगळे बदल दाखवायला सांगा, हे पहिलं काम.

मी स्वतः फसलोय. 'सहा गल्ल्यांची म्हणून सांगली' ही व्युत्पत्ती संदर्भाशिवाय लेखात ठेवावी का, असं मी लेखाच्या चर्चा पानावर विचारलं. एकानं उत्तर दिलं माझ्या सदस्य चर्चा पानावर. तिसऱ्यानं विषय चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर नेला, आणि ते मला आठ दिवसांनी कळलं! तोवर इकडे मी एकटाच भांडत होतो.

तेव्हापासून चर्चेमागे धावत नाही, तिला एका जागी आणतो. लेखाचं चर्चा पान हे घर धरायचं आणि बाकीच्या ठिकाणी दुवा देऊन एक ओळ टाकायची: 'चर्चा इथं चालू आहे, कृपया तिथंच लिहा.' दुसऱ्यांची मतं उचलून चिकटवू नका. माणसं चिडतात, आणि रास्तच आहे. विषय आणखी कुठं निघालाय का, ते लेखाच्या 'येथे काय जोडले आहे' मधून बऱ्याचदा सापडतं. चर्चेच्या मथळ्याशेजारी फक्त त्या चर्चेच्या सूचना मागवायची सोय असते, तीही घ्या.

कुणाला साद घालताना, म्हणजे चर्चेत नावाचा दुवा देऊन त्याला सूचना पाठवताना, ते नाव आणि तुमची चार टिल्डांची (~~~~) सही एकाच वेळी जतन झाली पाहिजे. सही विसरून मागाहून टाकली तर त्याला सूचना जात नाही. नवी ओळ लिहून पुन्हा साद घालावी लागते.

आणि खतावणी? ती माझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या माझ्या कच्च्या लिखाणाच्या पानावर. दर विषयाला एक ओळ: दुवा, तारीख, कुणाकडून उत्तर येणं आणि कुणाला देणं. ती सगळ्यांना दिसते, म्हणून माणसांबद्दलचे शेरे तिथं लिहीत नाही.

सहा गल्ल्यांचं खातं अजून उघडंच आहे. पुस्तकाचा पान क्रमांक देतो म्हणालेले गृहस्थ काही परतले नाहीत.