भारी सायकल घेतली, आता ती नुसती उभी आहे

"मॅडम, पंच्याऐंशी हजारांची सायकल घेतलीय आणि दूध आणायला स्कूटर काढतो. माझ्यात चिकाटीच नाही का हो?"

समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कधी सायकलच्या जागी कॅमेरा असतो, कधी ट्रेडमिल. हे गृहस्थ कोथरूडचे, चाळिशीतले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बायकोच्या टोमण्यांनी वैतागलेले.

मी त्यांना एवढंच विचारलं, रविवारी उठल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत काय काय करावं लागतं? यादी संपेना. टायर अरुंद, हवा आठवड्याभरात उतरते. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, त्यामुळे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. घरचा पंप माळ्यावर. मग पॅडची चड्डी, पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट, हेल्मेट, दिवे, बाटली. सायकल लिफ्टमध्ये उभी करून खाली आणायची. एवढा खटाटोप करून नुसतं चौकापर्यंत जाणं मनाला पटत नाही. गेलं तर थेट सिंहगडाचा पायथा! तेवढा वेळ नसतो, म्हणून मग काहीच नाही. भाजीला न्यावी तर मंडईबाहेर कुलूप लावून सोडायचा धीर होत नाही. सायकलच्या ग्रुपमधले लोक दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी साडेतेरा तासांच्या आत संपवणारे. यांना चांदणी चौकाच्या चढावरच धाप लागते.

यात आळस मला तरी कुठे दिसला नाही. सायकल जितकी भारी, तितका तिच्यावर बसण्याचा सोहळा मोठा.

दुसरी गोष्ट जरा अवघड जागेची. रॉबर्ट विकलुंड आणि पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडलं होतं की, माणसाला जे व्हायचं असतं त्याच्या खुणा अंगावर चढल्या की तो ते झाल्यासारखाच वागू लागतो. यांचंही तेच झालं होतं. सायकल घरी आली त्याच दिवशी फोटो टाकला, अभिनंदनं आली, 'सायकलिस्ट' झाले. रात्री जेवण झालं की आता हलक्या चाकांचे व्हिडिओ बघतात. "चाकं बदलली की नियमित जाईन." मी म्हटलं, तूर्त खरेदी बंद.

गॉल्विट्झर यांचीच पुढची एक सूचना मी बऱ्याचदा वापरते: 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच पक्कं ठरवायचं. आम्ही ठरवलं, मंगळवारी मुलीला स्कूलबसमध्ये बसवलं की तिथूनच सायकलवर टांग मारायची, रोजच्या बुटांत, दहा मिनिटं. त्यासाठी साधे पेडल लावायला हवे होते. इथे मात्र ते अडले. "एवढ्या सायकलला साधे पेडल? लोक हसतील."

कोण लोक, यावर आमचा अख्खा तास गेला. शेवटी ग्रुपमधली दोनच नावं निघाली.

पेडल बदललेत. मंगळवार बहुतेक वेळा पाळला जातो, रविवार अजून बुडतात. मध्येच त्यांनी ही विकून कॅरिअरवाली साधी सायकल घ्यायचं काढलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण आता बायकोच नको म्हणते. पुढच्या भेटीला दोघं येणार आहेत.